धंदा शोधावा कोठे? – भिवंडीस जाऊन आल्यावर

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दर महिन्यास या पानावर आम्ही लागण, खोडवा, खताचे हप्ते, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, परंतु शेवटी तो उसाशीच येऊन भिडतो. तेव्हा वाचकांनी पान उलटू नये.

मागील चैत्रात, ऊस बिलाचा हप्ता जमा झाल्याच्या आठवड्यात, एक सभासद आपल्या मुलाला घेऊन गट ऑफिसला आले. बाप बाकड्यावर टेकला, पोरगा दारातच उभा. "साहेब, ह्याला जरा समजवा. रस्त्याकडेचे वीस गुंठे विकायचे म्हणतो." मुलगा बारावी झालेला, मोटारीचे लायसेन्स असलेला. त्याचे म्हणणे असे की, तीन एकर उसावर दोन भावांचे भागत नाही. वीस गुंठे विकून जुना ट्रक घ्यावा आणि भिवंडी लाइनला लावावा. त्याचा मित्र तिकडे एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे, माल भरपूर आहे, गाडी एक दिवस उभी राहणार नाही. पोराचे बोलणे अगदीच टाकाऊ नव्हते. तीन एकरांचे गणित त्याने बरोबरच मांडले होते. आम्हांला पटकन उत्तर देता येईना.

योगायोगाने वैशाखात आमच्या मावशीच्या नातीचे लग्न भिवंडीस होते. आम्ही त्या मुलाला म्हटले, "चल आमच्याबरोबर. गाडी घ्यायची तर आधी गाव तरी बघून ये." बापाने एस.टी.चे भाडे दिले आणि आम्ही निघालो.

भिवंडी आम्हांला नवी नाही. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी मावशीच्या बिऱ्हाडी जायची. पहिले दोन दिवस मागांच्या खडखडाटाने झोप येत नसे, नंतर सुट्टी संपवून गावी आलो की शांततेने झोप येत नसे! काका एका सायझिंगमध्ये कामाला होते. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देऊन ते बीमवर गुंडाळण्याचा कारखाना. ज्यांच्याकडे चार-सहा माग आहेत त्यांना स्वतःची सायझिंग परवडत नाही, म्हणून हा धंदा वेगळा निघाला. कुणी सूत आणतो, कुणी खळ देतो, कुणी विणतो, कुणी नुसत्या कांड्या भरून देतो, कुणी मोडलेले धोटे दुरुस्त करतो. एका कापडाच्या तुकड्यामागे अशी दहा घरे जेवतात.

हे गाव कापडाचे कसे झाले तेही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. भिवंडी खाडीकाठची जुनी बाजारपेठ, भाताच्या आणि गवताच्या व्यापाराची. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडील विणकर मोमीन घराणी दक्षिणेकडे आली. काही मालेगावला थांबली, काही भिवंडीस. हातमाग त्यांच्या घरातच होता. पुढे वीज आली तेव्हा त्याच घरांनी यंत्रमाग बसविले. खानसाहेब समद शेठ यांचे नाव तेथे या आरंभाशी जोडले जाते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीच्या विणकरांनी घेतले. गिरणीच्या इंजिनिअरला ते भंगार दिसत होते. ज्याच्या बापाने आणि आजाने धोटा हाताने फेकला, त्याला त्यात अजून वीस वर्षांचे काम दिसत होते. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे काम आणखी मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. घरातले कसब आणि दाराशी आलेली वेळ यांची अशी गाठ पडत गेली. आपल्याकडे इचलकरंजीतही १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि भोवतीच्या ऊस-तंबाखूच्या मुलखात कापडाचे शहर उभे राहिले.

आता मावशीची गोष्ट. काकांच्या पगारात भागत नसे, म्हणून मावशी घरी कांड्या भरी. शेजारच्या खोलीत दहा-बारा मागवाले कामगार राहत. घरदार गावाकडे, हाताने शिजवून खाणारे. रात्रपाळी संपवून आले की त्यातला एखादा दारात येई, "ताई, थोडी चटणी मिळेल का?" कधी भाकरी मागे. मावशी देई. आपल्याकडे अन्नाचे पैसे घेत नाहीत, ही आपली रीत. असे वर्ष-दीड वर्ष चालले. एक दिवस एका म्हाताऱ्या कामगाराने चटणी घेताना दोन रुपये उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाला, "ताई, पैसे घेतले नाहीत तर उद्यापासून मागायला लाज वाटेल." मावशी सांगते, "त्या दिवशी मला कळलं, की मी धर्म करत नव्हते, गिऱ्हाईक परत पाठवत होते."

तिने चार जणांपासून खानावळ सुरू केली. तिकडे अशा खानावळीला भिशी म्हणतात. पुढे चाळीस ताटांपर्यंत गेली. आम्ही सुट्टीत जात असू तेव्हा पिठाचे डबे वाहण्याचे काम आमच्याकडे असे. मागवाल्यांचा पगार आठवड्याचा, म्हणून तिचा हिशेबही आठवड्याचा. भिंतीवर खिळ्याला टांगलेली लांब वही असे. तिसऱ्या आठवड्याची बाकी राहिली की ताट बंद. हा नियम तिने स्वतः मोडला तेव्हाच ती बुडाली. सुताचे भाव चढले, विजेची बिले थकली, आणि एका साली गल्लीतले निम्मे माग बंद पडले. तिने दयेपोटी दोन महिने सगळ्यांना उधार जेवू घातले. कामगार गावी गेले ते गेलेच. वाण्याची बाकी फेडायला तिच्या पाटल्या गेल्या. हे तिने लग्नघरात त्या मुलासमोर सांगितले, काही न लपवता.

माग अजून आहेत, आवाज अजून आहे. परंतु पूर्वीची रया राहिली नाही, हे कुणीही सांगेल. भंगारात गेलेले माग आम्ही डोळ्यांनी पाहिले. एका घरच्या कसबावर उभा राहिलेला धंदाही बाजार फिरला की हलतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलाने आम्हांला मोटारसायकलवरून काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली हा भाग दाखविला. लहानपणी याच रस्त्याने जाताना दोहो बाजूंस भातखाचरे दिसत. आता पत्र्याच्या शेडी सोडून दुसरे काही दिसत नाही. असे का झाले? मुंबईत माल नेताना नाक्यावर जकात भरावी लागे. व्यापाऱ्याने विचार केला, माल विकण्याआधीच जकात कशाला भरा? नाक्याच्या अलीकडे साठवून ठेवू, विकेल तेवढाच आत नेऊ. भिवंडीची ही खेडी ग्रामपंचायतीची, नाशिक हमरस्त्याला लागून, मुंबईच्या दाराशी, आणि जमिनीचा भाव मुंबईच्या मानाने नगण्य. पावसाळी एक भात घेणाऱ्या आगरी शेतकऱ्याने खाचरात भराव टाकून शेड बांधली आणि भाड्याने दिली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला तेव्हा गेली. पुष्कळांना वाटले आता गोडाऊने ओस पडणार. उलटेच झाले. पूर्वी प्रत्येक राज्याच्या करापायी कंपन्या राज्याराज्यांत लहान गुदामे ठेवीत. ती गरज संपल्यावर एकाच ठिकाणी मोठे गुदाम ठेवणे सोयीचे झाले, आणि घरपोच माल पाठविणाऱ्या ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्याही तेथे आल्या.

आमच्या मुलाचे डोळे मोठे झाले. म्हणाला, "साहेब, आपल्याकडे पण हायवे आहे." आम्ही म्हटले, हायवे आहे, पण हायवेच्या टोकाला मुंबई कोठे आहे? भातखाचर पिकत होते वर्षातून एकदा, तेही पावसावर. आपली पाण्याखालची उसाची जमीन. शिवाय तिकडेही सगळेच सुखी नाहीत. ज्यांनी जमीन राखून भाड्याने दिली त्यांच्या घरी दर महिन्याला भाडे येते. ज्यांनी पहिल्या भावाला विकून टाकली, त्यांच्यापैकी काहींची मुले त्याच शेडीच्या दारात शिट्टी घेऊन पहारा करतात. अशा एकाशी आम्ही बोललो. त्याच्या आजाचे खाचर नेमके कोठे होते, हे त्याने आम्हांला शेडीच्या आत बोट करून दाखविले.

मग ट्रकचे पाहू म्हणून एका लाइनीत उभ्या असलेल्या चालकांजवळ गेलो. मुलानेच प्रश्न विचारले, आम्ही बाजूला राहिलो. माल उतरायला किती वेळ लागतो? कधी चार तास, कधी दोन दिवस. परतीचा माल मिळतो का? मिळाला तर. टायर किती दिवस जातात? हप्ता किती? एक चालक आपल्याच शेजारच्या तालुक्यातला निघाला. गाडी त्याची स्वतःची होती. तो म्हणाला, "गाडी कमावते, पण सगळं गाडीच खाते." मुलाने हे वहीत लिहून घेतले. त्याच वेळी एक बाई स्टीलचे डबे घेऊन लाइनीतून फिरत होती आणि प्रत्येक चालकाला नावाने ओळखत होती. मुलाने विचारले, ही कोण? मावसभाऊ हसला. ती मावशीची सून! २०२० च्या टाळेबंदीत कामगार पायी गावाकडे निघाले तेव्हा भिशी पूर्ण बंद पडली होती. पुढे मावशीने पाहिले, मागवाले कमी झाले, पण उभ्या गाड्यांतले चालक आणि हमाल उपाशी असतात. गाडी सोडून ते लांब जाऊ शकत नाहीत. तेव्हा ताट तिने गाडीपाशी नेले. भांडी तीच, चव तीच. हिशेब मात्र रोख.

रात्री मावशीने त्या मुलाला समोर बसविले आणि एकच प्रश्न विचारला. आम्ही पदविका घेतली, पंधरा वर्षे नोकरी केली, शिबिरे घेतली, पण हा प्रश्न आम्हांला कधी सुचला नाही. ती म्हणाली, "तुझ्या घरी शेजारीपाजारी काय मागायला येतात रे?"

पोरगा गोंधळला. म्हणाला, "काय मागणार? विळा मागतात, फवारणीचा पंप मागतात." थोडे थांबून, "आणि आईची रोपं."

"कसली रोपं?"

"उसाची. नांग्या भरायला."

तुम्हांला ठाऊकच आहे की लागणीत जेथे डोळा उगवत नाही तेथे नांगी पडते. ती महिन्याच्या आत भरावी लागते, नाहीतर मागाहून लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबते. त्यासाठी प्लास्टिकच्या पिशव्यांत थोडी जादा रोपे करून ठेवा, असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात घसा कोरडा करून सांगतो. ऐकणारे म्हणतात, "साहेब, रोपे कोठून आणायची?" आम्ही इतकी वर्षे त्याचा अर्थ आळस असा घेतला. वास्तविक ते एक गिऱ्हाईक विचारत होते, आणि आम्ही त्याला व्याख्यान देऊन परत पाठवीत होतो. मावशी निदान चटणी तरी देत होती!

या मुलाची आई दर वर्षी मोरीच्या पाण्यावर चार-पाचशे पिशव्या करते. निम्म्या शेजारी नेतात, त्याबदल्यात कुणी पायलीभर हुलगे देतो, कुणी काहीच नाही. घरात कुणी याला काम मानले नव्हते. ट्रक हे काम, आणि आईची रोपे हा बायकांचा उद्योग!

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघांनी हिशेब मांडला. सभासदांनीही तो पाहावा. आपल्या जुन्या पद्धतीने एकरी दोन डोळ्यांची १०,००० टिपरी लागतात, म्हणजे २०,००० डोळे. पाच फूट सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकरात ४,३५६ रोपे बसतात. नांग्यांसाठी दहा टक्के जादा धरली तरी ४,८०० च्या आत. म्हणजे बेणे चौथाईवर येते. उरलेला ऊस गाळपास जातो. शिवाय रोप शेतात येईपर्यंतचा महिना-सव्वा महिना शेताची मशागत, हिरवळीचे खत किंवा आधीच्या पिकाची काढणी यांस मोकळा मिळतो. सांगली-कोल्हापूर भागात रोपवाटिकेचा हा धंदा चांगला रुळला आहे. आपल्याकडे गरज आहे, पण रोपे लांबून आणावी लागतात आणि वाहतुकीत मोडतात.

मुलाने वीस गुंठे विकले नाहीत. घरामागच्या दोन गुंठ्यांवर हिरवी जाळी टाकली. पावणेदोनशे ट्रे घेतले, नारळाच्या भुशात एक डोळा पद्धतीने १२,००० डोळे लावले. पूर्वहंगामी लागणीच्या सुमारास रोपे तयार होतील अशा बेताने काम सुरू झाले. आईने पाणी आणि निवड सांभाळायची, मुलाने गिऱ्हाईक आणि वही. पहिल्या खेपेस चूक झाली ती मुलाचीच. उत्साहात त्याने दिवसातून तीनदा पाणी दिले, भुसा चिंब राहिला आणि अडीच हजार डोळे कुजले. आई पहिल्यापासून सांगत होती, "हात घालून बघ, मग पाणी दे." आता पाणी तिच्याच हाती आहे. सात हजार रोपे अडीच रुपये दराने गेली, म्हणजे १७,५०० रुपये. बाकीची स्वतःच्या शेतात लावली. उधारी चार हजारांची राहिली. त्यांतील दोघांनी ही बाकी मावशीच्या खानावळीतल्या बाकीसारखीच मानलेली दिसते. ट्रे आणि जाळीचा खर्च पहिल्या खेपेत फिटला नाही, तिसऱ्या खेपेपर्यंत फिटेल असा अंदाज आहे. ट्रकच्या स्वप्नापुढे हा आकडा लहान आहे, हे त्या मुलालाही कळते. पण जमीन जागेवर आहे.

आता आमच्या खात्याचे म्हणणे. ज्यांना असे काही करावयाचे असेल त्यांनी बेणे नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणे मळ्यातलेच घ्यावे. खोडव्याचे घेऊ नये. काणी किंवा गवताळ वाढ दिसलेले बेट बुडापासून काढून टाकावे. एका शेतकऱ्याच्या शेतातला रोग त्याचे नुकसान करतो, रोपवाटिकेतला रोग पन्नास शेतांत जातो आणि मग गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बीजप्रक्रिया टाळू नये. को ८६०३२ मागितला तर तोच द्यावा, फुले २६५ त्यात मिसळू नये. गिऱ्हाइकाला ट्रेवर नाव लिहून द्यावे. आमच्या गट ऑफिसात बेणे मळ्यांची यादी आहे, ती पाहावयास मिळेल.

सगळ्यांनीच रोपवाटिका काढावी असे मात्र आमचे म्हणणे नाही. गावात पाच झाल्या तर पाचही उपाशी राहतील. प्रश्न मावशीचा घ्या आणि उत्तर आपल्या घरात पाहा. तोडणी टोळ्या उतरतात त्या तळाजवळच्या एका सभासदाने पाहिले, टोळीतल्या बाया दिवसभर फडात, पीठ दळायला गिरणीत येतात तोवर गिरणी बंद. त्याने आपली घरगुती गिरणी हंगामात रात्री दहापर्यंत चालू ठेवली. एवढेच केले. दुसऱ्याच्या घरी मोटार जळाली की सगळे गाव त्याच्या भावाला बोलावते, तो फुकट जाऊन येतो आणि घरी बोलणी खातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करीत होते. कडबा हाताने तोडणारा शेतकरी पाहून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक नांगराला हात लावीनात, तो खपायला वेळ लागला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्याचे लिज्जत झाले. पापड काय त्या दिवशी शिकल्या नव्हत्या.

एक सावधगिरी मात्र हात जोडून सांगतो. सोसायटीचे पीककर्ज ट्रेसाठी, गिरणीसाठी, गाडीसाठी वापरू नका. ते उसासाठी आहे आणि उसाच्या बिलातून कापले जाणार आहे. जोडधंद्यास निराळे कर्ज असते, त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत करावी. पहिली खेप शक्यतो घरच्या पैशाने आणि लहान करावी, म्हणजे अडीच हजार डोळे कुजले तरी झोप लागते.

हा लेख लिहून झाल्यावर त्या मुलाला वाचून दाखविला. त्याने एकच दुरुस्ती सुचविली. रोपे नेलेल्या सभासदांकडे अद्याप ६० ट्रे अडकले आहेत. पुढच्या खेपेचे डोळे काढण्याची वेळ झाली आहे. तरी ज्यांच्या गोठ्यात, माळ्यावर अगर मोरीशेजारी काळे ट्रे पडले असतील त्यांनी ते गट ऑफिसला आणून द्यावेत. आम्ही पोहोच करू.